एबीएसवाली मोटरसायकल कधीकधी अशी विचित्र का वागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की हे प्रश्न यायला सुरुवात होते आणि लडाखचा सीझन संपेपर्यंत थांबत नाहीत. लिव्हर थरथरली, लाईट लागलीय, खडीवर गाडी थांबलीच नाही, एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) बाद झालं का. दरवेळी तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. मी काही कंपनीतला इंजिनिअर नाही, बरीच वर्षं गाडी चालवणारा आणि ती उघडून बघायची खाज असलेला माणूस आहे. तुमच्या गाडीचं मॅन्युअल आणि माझं म्हणणं जुळलं नाही तर मॅन्युअल खरं धरायचं.

१. एबीएस नक्की करतं काय? ब्रेक तर आपणच मारतो ना?

चाकाला भोकांची किंवा दात्यांची एक गोल रिंग असते आणि तिच्याजवळ एक सेन्सर. रिंग फिरते, सेन्सर भोकं मोजतो, त्यावरून चाकाचा वेग कळतो. आता गाडी एवढ्या लवकर हळू होऊच शकत नाही इतक्या झटक्यात एखादं चाक हळू झालं की आतला कंप्युटर समजतो की हे आता जाम होणार, मग तो त्या चाकाकडे जाणारा ब्रेक ऑइलचा रस्ता बंद करतो, थोडं प्रेशर सोडतो, चाक परत फिरायला लागलं की परत प्रेशर देतो, आणि हे एका सेकंदात बऱ्याच वेळा. बास, एवढंच काम. त्याला रस्ता दिसत नाही, पुढे म्हैस आहे का ट्रक ते माहीत नाही, गाडी सरळ आहे का तिरकी हे साध्या एबीएसला कळत नाही, अगदी गाडीचा खरा वेगसुद्धा तो चाकांवरूनच अंदाजाने काढतो. खालच्या बहुतेक विचित्र गोष्टींचं मूळ इथेच आहे म्हणून हा प्रश्न गाळून पुढे उडी मारू नका.

२. जोरात ब्रेक मारला तर लिव्हर आणि पेडल थरथरलं, कटकट आवाज आला. काही तुटलं का?

नाही, एबीएस चालू झालं. आतले व्हॉल्व्ह उघडझाप करतायत त्याचा धक्का ऑइलमधून तुमच्या बोटांपर्यंत आणि पायापर्यंत येतो. गंमत अशी की पहिल्यांदा हे झालं की माणूस दचकून ब्रेक सोडतो, म्हणजे ज्या क्षणासाठी पैसे मोजले त्याच क्षणी हात मागे. थरथर आली की दाबून ठेवायचं, सोडायचं नाही, पंपिंग करायचं नाही, पंपिंग ते करतंय. मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर मागे पुढे कोणी नाही बघून, हेल्मेट बिल्मेट घालून, ३० च्या स्पीडला आधी फक्त मागच्या ब्रेकवर हे एकदा अनुभवून घ्या. सिंगल चॅनल असेल तर मागचं चाक सरळ लॉक होईल, त्यामुळे आधी पुढचं उत्तर वाचा.

३. माझ्या गाडीवर एबीएस लिहिलंय तरी मागचं चाक घासत गेलं. फसवलं का मला?

फसवलं नाही, तुमची गाडी सिंगल चॅनल असणार. म्हणजे एबीएस फक्त पुढच्या चाकाला, मागचा ब्रेक साधा, तो डिस्क असो नाहीतर ड्रम. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलनाही १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं झालं, पण सिंगल चॅनल चालत होतं त्यामुळे स्वस्त गाड्यांत तेच आलं. १२५ सीसी आणि त्याखाली एबीएस नाहीतर सीबीएस यातलं काहीही चालत होतं, आणि सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही थोडे थोडे लागतात, त्यात चाक लॉक होण्यापासून वाचवायची काही सोय नसते. पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळच मिळत नाही, मागचं लॉक झालं तर गाडी शेपूट हलवते पण बऱ्याचदा सावरता येते, म्हणून एकच द्यायचं तर पुढे देतात. मागच्या चाकाचं भान तुमचं तुम्ही ठेवायचं.

४. एबीएस असलं की गाडी लवकर थांबते, बरोबर ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. एबीएसचं पहिलं काम गाडी उभी ठेवणं आहे, लवकर थांबवणं नाही. हिशोब बघा, कोरड्या चांगल्या डांबरावर चांगला ब्रेक मारला तर ताशी ६० वरून थांबायला साधारण १८ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर २८ च्या आसपास, आणि त्याआधी समोरचं बघून हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर १७ मीटर गाडी तशीच पुढे गेलेली असते. या १७ मीटरमध्ये एबीएस काहीच करू शकत नाही. कसलेला माणूस कोरड्या रस्त्यावर एबीएसशिवायही तेवढ्यातच थांबवेल. पण आपण घाबरलो की सगळे सारखेच, मुठीत धरून लिव्हर आवळतो, आणि तिथे एबीएसवाला उभा राहतो नि बिनएबीएसवाला झोपतो. सुट्या मातीत मात्र अंतर वाढतं, त्याचं प्रश्न ८ मध्ये.

५. चावी लावली की एबीएसची लाईट लागते आणि गाडी उभी असेपर्यंत जातच नाही. शोरूमला नेऊ?

नको. उभ्या गाडीत चाकंच फिरत नाहीयेत तर सेन्सर ठीक आहे का ते तपासणार कसं. थोडं पुढे गेलात, साधारण ५ ते १० च्या स्पीडला, की लाईट विझते. चालताना लागूनच राहिली किंवा मध्येच लागली तर मात्र एबीएस बंद आहे असं समजा, साधा ब्रेक चालू असतो, फक्त तुमची बोटं म्हणजेच एबीएस. आणि एक, चावी लावल्यावर लाईट लागलीच नाही तर तेही वाईट लक्षण आहे. जुनी गाडी घेताना हे नक्की बघा, बिघाड लपवायला कोणी बल्बच काढून ठेवलेला असू शकतो.

६. डबल स्टँडवर लावून, गाडी चालू करून गिअर टाकला, चेनला ऑइल मारत होतो. नंतर एबीएसची लाईट गेलीच नाही. मी काय मोडलं?

काही मोडलं नाही. कंप्युटरच्या बाजूने विचार करा, मागचं चाक ४० ने पळतंय आणि पुढचं ठार उभं, असं रस्त्यावर कधी होतं? एकतर पुढचा सेन्सर मेला, नाहीतर काहीतरी भलतंच चालू आहे. तो गोंधळतो आणि आपला बाजूला होतो. चावी बंद करून परत चालू करा, थोडी गाडी चालवा, बहुतेक वेळा लाईट जाते. चिखलात मागचं चाक जागेवरच गरगरलं, डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) गाडी चढवली, लांबलचक व्हीली मारली म्हणजे पुढचं चाक उचलून चालवली, सगळीकडे हीच गोष्ट. आणि हो, चेनला ऑइल मारताना इंजिन चालू ठेवू नका रे बाबांनो, हाताने चाक फिरवा, बोटं गेलेली माणसं आहेत.

७. टोलनाक्याच्या आधी रंबलरच्या पट्ट्यांवर ब्रेक मारला तर क्षणभर ब्रेकच नाही असं वाटलं. जीव गेला होता. का होतं असं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि घाबरवणाराही हाच आहे, कारण ब्रेक खरंच क्षणभर कमी होतो. पट्टीवरून चाक उसळतं, रस्त्यावरचा दाब कमी होतो, आणि तुम्ही तर ब्रेक धरून ठेवलाय, त्यामुळे ते हलकं झालेलं चाक एकदम हळू होतं. कंप्युटरला वाटतं रस्ता निसरडा आहे, तो प्रेशर सोडतो. तेवढ्यात चाक परत डांबरावर टेकलं, आता पकड आहे, पण प्रेशर परत यायला क्षण जातो, तोवर पुढची पट्टी. अशा दहा पट्ट्या लागोपाठ आल्या की तुम्हाला वाटतं लिव्हर दाबतोय आणि गाडी ऐकत नाही. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचे उखडलेले पॅच, घाटात कडेला निघालेलं डांबर, आडव्या लाटा पडलेला कच्चा रस्ता, पेव्हर ब्लॉक, सगळीकडे थोडंफार हेच.

उपाय साधा आहे, ब्रेकिंग पट्ट्यांच्या आधी उरकायचं. पट्ट्या पिवळ्या पांढऱ्या रंगवलेल्या असतात, लांबून दिसतात. आणि सापडलातच मध्ये तर लिव्हर सोडून परत आवळण्यापेक्षा एकसारखा दाब धरून ठेवा, मागचाही ब्रेक द्या, कारण दोन्ही चाकं एकाच क्षणी पट्टीवर नसतात. पुढचा शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे फोर्क, गळका असेल तर हा प्रकार जास्तच होतो कारण चाक जास्त वेळ हवेत नाचतं. लोक एबीएसला शिव्या देतात आणि फोर्कचं सील दोन वर्षं गळतंय ते बघत नाहीत.

खड्ड्याचंही तेच. खड्डा चुकवता येत नसेल तर त्याच्या आधी जोरात ब्रेक मारा आणि चाक खड्ड्यात जायच्या क्षणी सोडा. सोडायचं ते एबीएससाठी नाही, ब्रेकमध्ये फोर्क आधीच दबलेला असतो आणि खड्ड्याचा मार झेलायला त्याच्याकडे जागाच उरत नाही म्हणून.

८. मुरमाच्या उतारावर गाडी थांबतच नव्हती, नुसती थरथर करत खाली चालली होती. असं एबीएस काय कामाचं?

इथे तुमची तक्रार खरी आहे. सुट्या खडीत, वाळूत, मुरमात लॉक झालेलं चाक स्वतःच्या पुढे मातीचा छोटा ढीग गोळा करतं आणि तो ढीग गाडीला अडवतो. एबीएस चाक लॉकच होऊ देत नाही त्यामुळे ढीग होत नाही, त्यात उतार, मग गाडी घरंगळल्यासारखी जाते. डांबरी रस्त्यासाठी शिकवलेला कंप्युटर आहे तो, फुफाट्यात त्याचं डोकं चालत नाही.

करायचं काय, तर पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, क्लच दाबू नका, वेग आधीच एवढा कमी ठेवा की ब्रेकची गरज थोडीच लागेल. आणि मागचं एबीएस बंद करायची सोय असेल तर बंद करा, पुढचा प्रश्न बघा.

९. ऑफ-रोडला एबीएस बंद करायचं का? कुठलं, पुढचं का मागचं?

मागचं. रॉयल एनफिल्ड हिमालयनला २०२० पासून ही सोय आली, केटीएम ३९० ॲडव्हेंचरला ऑफ-रोड मोडमध्ये हेच होतं, मागचं बंद पुढचं चालू. मागचं चाक लॉक करून गाडी वळवता येते, उतारावर रोखता येते. पुढचं चाक मातीतसुद्धा लॉक झालं की गाडी खालून निघून जाते, म्हणून ते बंद करण्याच्या फंदात सरावाशिवाय पडू नका. बहुतेक गाड्यांत चावी बंद करून चालू केली की एबीएस परत आपोआप चालू होतं, म्हणजे चहाला थांबलात आणि परत उतारावर निघालात तर आधी मीटर बघा. उलटंही ध्यानात ठेवा, ट्रेलवरून डांबरी रस्त्याला लागलात की परत चालू केलंय का.

काही जण फ्यूजच काढतात. बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटरला वेग त्याच सेन्सरकडून मिळतो, त्यामुळे स्पीडोमीटरही बसू शकतो, आणि फ्यूज परत लावायचा राहून जातो तो राहूनच जातो.

१०. पहिल्या पावसात, रेल्वे फाटकाच्या रुळांवर, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर एबीएस वाचवतं का?

सरळ जात असाल तर खूप वाचवतं, एबीएसचा खरा पैसा इथेच वसूल होतो. रस्त्यावर सहा महिन्यांचं ऑइल, रबर, धूळ बसलेली असते, पहिल्या सरीत त्याचा लगदा होतो. डांबर, मग रंगाचा पट्टा, मग डांबर, मग मॅनहोलचं झाकण, असं बदलत्या पकडीवर माणसाची बोटं तेवढ्या वेगाने दाब कमी जास्त करूच शकत नाहीत.

पण साचलेल्या पाण्यावर वेगात गेलात आणि टायर पाण्यावर तरंगायला लागला तर खेळ वेगळा. चाक रस्त्याला टेकतच नाहीये, एबीएस प्रेशर सोडेल पण चाकाला परत फिरवणार कोण, फिरवतो तो रस्ता. तिथे ब्रेक न मारता थ्रॉटल (रेस) हळू सोडून सरळ जाऊ देणं एवढंच हातात असतं. टायरची नक्षी गेली असेल तर हे लवकर होतं.

११. आमच्याकडे रस्त्यावर सोयाबीन पसरवतात मळणीला, शिवाय उसाच्या ट्रॉल्यांचा पाला आणि चिखल. तिथे?

सोयाबीनचे दाणे म्हणजे रस्त्यावर ओतलेले छर्रेच. खालचे दाणे गोल फिरतात, टायरला डांबर मिळतच नाही. एबीएस तुम्हाला उभं ठेवेल पण थांबवायला काही नाहीये, हिशोब प्रश्न ८ च्या मुरमासारखाच धरा. उसाचा ओला पाला त्याहून वाईट, तो डांबरावर चटईसारखा सरकतो. कारखाने चालू असलेल्या महिन्यांत संध्याकाळनंतर वळणावर ट्रॉलीतून पडलेला ऊस असणारच असं धरून चालवा. घाटात सांडलेलं डिझेलही याच रांगेत, पावसात ते सप्तरंगी दिसतं, कोरड्यात काळपट ओला डाग. वास आला की वेग कमी करा, दिसायची वाट बघू नका.

१२. वळणात ब्रेक मारला तर साधं एबीएस वाचवेल का? आणि ते कॉर्नरिंग एबीएस म्हणजे काय?

टायरकडे पकडीचं ठरावीक भांडवल असतं असं समजा. सरळ जाताना सगळं ब्रेकला देता येतं. गाडी झुकवली की त्यातलं बरंचसं वळण्यातच खर्च होतं, उरतं ते ब्रेकला. साध्या एबीएसला हा खर्च माहीतच नसतो, तो चाक लॉक व्हायला आलं की मगच जागा होतो, आणि तिरक्या गाडीत तोवर टायर आडवा सरकायला लागलेला असू शकतो. म्हणून साधं एबीएस वळणात अजिबात काम करत नाही असं नाही, थोडं झुकलेलं असताना करतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कॉर्नरिंग एबीएसमध्ये गाडी किती झुकलीय, नाक किती दबलंय हे मोजणारा वेगळा सेन्सर असतो. मग तो वळणात प्रेशर हळूहळू वाढू देतो आणि जास्तीत जास्त किती द्यायचं तेही झुकावानुसार ठरवतो. एबीएस बनवणाऱ्या बॉश कंपनीने ही सिस्टीम २०१३ मध्ये केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर आणली, आपल्याकडे ३९० ॲडव्हेंचरमुळे ती साध्या माणसाच्या आवाक्यात आली. तीही जादू नाही, खडी पडलेल्या वळणावर ८० ने घुसलात तर ती काही खडी झाडून देणार नाही.

अजून एक, वळणात पुढचा ब्रेक जोरात लागला की गाडी उभी राहू बघते आणि सरळ जायला लागते. ताम्हिणीत नाहीतर वरंध्यात सरळ म्हणजे कुठे ते तुम्हाला माहीत आहे. साध्या एबीएसच्या गाडीवर जागा असेल तर आधी गाडी सरळ करा आणि मग दाबा, जागा नसेल तर दाब हळूहळू वाढवा, एकदम आवळू नका.

१३. एबीएस दोन्ही चाकांना आहे, तरी घाटात गिअर पाडला आणि मागचं चाक लॉक झालं. कसं काय?

कारण ते ब्रेकने लॉक झालं नव्हतं, इंजिनने झालं होतं. ८० ला असताना दोन गिअर खाली टाकून क्लच फटकन सोडला की इंजिन चाकाला मागे ओढतं. एबीएस ब्रेकचं प्रेशर सोडू शकतं, तुमचा क्लच नाही दाबू शकत. इंजिन सीझ झालं, चेन तुटून अडकली तरीही हेच. त्यावेळी सुचलं तर क्लच दाबायचा, अडकलेल्या चेनला मात्र त्याचा उपयोग नाही. स्लिपर क्लच असतो तो याच्यासाठीच, आणि नसेल तर एकेक गिअर, क्लच हळू.

१४. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी सोडतो. एबीएस तर ब्रेकचं आहे, ते चालेल ना?

नाही चालणार. चावी बंद म्हणजे कंप्युटर बंद, पंप बंद, एबीएस बंद, हेडलाईटही बंद. किल स्विचने इंजिन बंद केलं तर बहुतेक गाड्यांत एबीएस चालू राहतं, पण ते करू नका, कारण न्यूट्रलला किंवा क्लच दाबून गाडी सोडली की इंजिन ब्रेकिंग (इंजिन चाकाला रोखतं ते) जातं आणि सगळा भार डिस्कवर येतो, मग प्रश्न १५. आणि पेट्रोल वाचत नाही ही खरी गंमत आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडून उतरताना ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) स्वतःच पेट्रोल बंद करतो. आमचे काका अजून कार्ब्युरेटरच्या जमान्यातला हिशोब सांगतात, त्यांना पटवायचा नाद मी सोडला.

१५. लांब उतारावर लिव्हर मऊ पडली, हँडलपर्यंत आली. एबीएसने काहीच केलं नाही.

ते एबीएसच्या हातात नव्हतंच, ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं नवं ऑइल कमीत कमी २३० अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायल्यावर तेच १५५ च्या आसपास उकळू शकतं, आणि डबलसीट सामानासकट महाबळेश्वर उतरताना सतत ब्रेक घासत आलात तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तेवढा तापू शकतो. उकळलं की वाफेचे बुडबुडे, बुडबुडे दबतात, दाब पुढे जातच नाही. असं झालं तर लिव्हर पटपट पंप करा, इथे पंपिंग चालतं, खालचा गिअर टाका, सुरक्षित जागी थांबून गार होऊ द्या. पाणी ओतू नका तापलेल्या डिस्कवर. दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी कमी चाललीय हे कारण नाही, ऑइल उभ्या गाडीतही पाणी पितं.

१६. पार्किंगमध्ये, एकदम हळू असताना, पुढचा ब्रेक धरला आणि गाडी आडवी झाली. एबीएस असून?

माझंही झालंय, हर्णैच्या बंदराजवळ, चार माणसं बघत असताना, त्यामुळे लाजू नका. ५-१० च्या खाली बहुतेक एबीएस कामच करत नाही, नाहीतर गाडी पूर्ण थांबलीच नसती. वर हँडल वळवलेलं, खाली वाळू, मग पुढचा ब्रेक म्हणजे पडणं ठरलेलं. यू टर्न मारताना आणि पार्किंगमध्ये मागचा ब्रेक आणि क्लच, पुढच्याला हात नाही.

१७. कोकणातल्या खड्या चढावर गाडी बंद पडली, पुढचा ब्रेक पूर्ण धरलेला, तरी मागे घसरत होती!

चढावर वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं हलकं होतं, त्यामुळे लॉक झालेलं पुढचं चाक तसंच घासत मागे येतं, जांभ्याच्या लाल मातीवर तर नक्कीच. एवढ्या कमी वेगाला एबीएस काही करत नाही. मागचा ब्रेक लागतो, पण दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात ही अडचण. मग उजवा पाय पेडलवर आणि डावा जमिनीवर. नाही जमलं तर इंजिन बंद असताना पहिला गिअर ठेवून क्लच सोडा, मागचं चाक धरलं जाईल.

१८. पुढचा ब्रेक मारल्यावर मागचं चाक उचललं. एबीएसने अडवायला नको होतं का?

पुढचं चाक लॉक होत नाहीये, मस्त पकडीवर फिरतंय, मग साधं एबीएस कशाला मध्ये पडेल? चांगला टायर, कोरडं डांबर, दोन चाकांमधलं कमी अंतर आणि पुढे वाकून बसलेला माणूस, मागचं उठणारच. काही गाड्यांत मागचं चाक उचलायला लागलंय हे ओळखून पुढचं प्रेशर कमी करायची सोय असते, ॲपाची आरटीआर २०० ४व्ही मध्ये आहे, पण ती असली की ब्रेकिंगचं अंतर थोडं वाढू शकतं हेही लक्षात घ्या. ब्रेक मारताना गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, ढुंगण मागे.

१९. बॅटरी उतरली होती, धक्का मारून चालू केली. आता एबीएसची लाईट लागलीय.

कमी व्होल्टेजला एबीएस स्वतःला बंद करून घेतं, पंपाच्या मोटरला बऱ्यापैकी करंट लागतो. बॅटरी चार्ज झाली की चावी बंद-चालू करून बघा. ब्रेक साधा चालू असतो, बॅटरीवाचून ब्रेकच जातो असं नाही.

२०. पंक्चर काढल्यापासून, म्हणजे टायर बदलल्यापासून लाईट लागते. टायरचा काय संबंध?

संबंध दोन. एक, टायर काढताना पाना रिंगवर टेकवून वाकवली, किंवा सेन्सर परत बसवताना अंतर चुकलं, वायर चेपली. माझी रिंग एका दुकानात अशीच वाकली होती आणि तिथला पोरगा शपथेवर सांगत होता की आधीपासूनच होती. चाक काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. दोन, टायरचा साइज बदलला तर चाकाचा घेर बदलतो, पुढच्या मागच्या वेगाचा हिशोब जुळत नाही. साइज थोडाफार इकडे तिकडे चालतो, पण रुंदीसाठी भलताच टायर टाकला तर एबीएस चुकीच्या वेळी जागं होऊ शकतं. डिस्कजवळ ब्रेकची काळी भुकटी आणि चिखल बसला तरी सेन्सर रुसतो, हळू पाण्याने धुवा, जेट वॉशची नळी थेट सेन्सरवर नको.

२१. लडाखला जातोय. बर्फावर आणि नाल्यांत एबीएसचं काय?

नाल्यातून पाणी जाण्याने सेन्सरला सहसा काही होत नाही. पॅड ओले होतात, बाहेर आल्यावर पहिला ब्रेक उशिरा लागतो, म्हणून हलका ब्रेक धरून थोडं चालवून पॅड सुकवा.

बर्फ वेगळा. ओल्या बर्फावर पकड कोरड्या डांबराच्या सातव्या आठव्या हिश्श्याएवढी असू शकते, म्हणजे ताशी ३० ला सुद्धा थांबायला ३५ मीटर. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे. दोन्ही चाकं एकदम सारखीच घसरायला लागली तर कंप्युटरला तुलना करायला फिरतं चाकच उरत नाही, गाडीचा वेग किती हा त्याचा अंदाजच चुकतो, त्याला वाटतं गाडी खरंच हळू झाली. म्हणून खारदुंग ला वर सकाळी सावलीतला काळा चकचकीत पट्टा दिसला की ब्रेकला हातच नको, दुसरा गिअर, पाय खाली सोडलेले, आणि मागचा ट्रक पुढे जाऊ द्या.

२२. ऑनलाइन पाचशे रुपयांत एबीएस मिळतं, ब्रेकच्या पाइपला लावायचं. घेऊ का?

नका घेऊ. त्यात सेन्सर नाही, रिंग नाही, कंप्युटर नाही. आत बहुधा एक रबर किंवा स्प्रिंग असते जी ऑइलचा थोडा दाब खाते, म्हणजे ब्रेक सगळीकडेच मऊ, कोरड्या रस्त्यावरही. चाक लॉक होतंय का नाही हे त्याला कळणार कुठून? जुन्या गाडीला खरं एबीएस नंतर बसवणं परवडत नाही, त्यापेक्षा तेवढ्या पैशात पॅड आणि ऑइल बदला.

२३. एबीएसच्या गाडीचं ब्रेक ऑइल गल्लीतल्या मेकॅनिककडे बदललं तर चालेल?

नुसतं बदलायचं असेल आणि ब्रेक ऑइलची टाकी मध्येच रिकामी होऊ दिली नाही तर बहुतेक गाड्यांत चालतं. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर मात्र साध्या ब्लीडिंगने (ऑइल सोडून हवा काढण्याने) ती निघत नाही, स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह आणि पंप चालवावे लागतात, मग शोरूम किंवा स्कॅनरवाला मेकॅनिक. झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ च, आणि डॉट ५ अजिबात नाही. ते सिलिकॉनचं असतं, त्यात बारीक हवा अडकते. डॉट ५.१ हे वेगळं, नावावर जाऊ नका, दुकानदारही गोंधळतात.